पेटीवरचा ओबो

“सत्तावन्न नाही, छप्पन्न,” वसुमती म्हणाली आणि नरसिंहरावांच्या मांडीवरचा कागद ओढून घेऊन तिने स्वतःच आकडा खोडला. “सत्तावन्नला क्लॅरिनेट आली. व्हिओला छप्पन्नला. सेक्रेटरी तुम्ही आणि तारखा मी सांगायच्या?”

“म्हणून तर विचारतोय, अक्का. स्मरणिका शुक्रवारी छापायला द्यायची आहे.”

“अकरा वर्षं झाली ऑर्केस्ट्राला. एक वही ठेवली असती तर?”

 टेलिफोनच्या कारखान्यात नरसिंहराव नकाशे काढत आणि रविवारी चेलो वाजवत. दोन्ही कामं करताना त्यांची मान सारखीच वाकडी होई. ते दोघं क्लॅरेन्स ऑपेरा हाउसच्या पहिल्या रांगेत बसले होते. सकाळचे आठ वाजले होते आणि खुर्च्यांखाली कालच्या शेवटच्या खेळाची शेंगांची टरफलं तशीच पडली होती. दंडूतल्या, म्हणजे बेंगळूरच्या छावणीतल्या, या थिएटरात साहेब लोक गेल्यापासून ऑपेरा कुणी पाहिला नव्हता. आता इथे सिनेमे लागत. मालकांनी रविवारी साडेदहापर्यंत पडदा वर गुंडाळून स्टेज वापरायची परवानगी दिली होती, म्हणून ऑर्केस्ट्राच्या नावात ऑपेरा हाउस होतं.

“मग लिहितो,” नरसिंहराव म्हणाले. “त्रेपन्न साली अकरा वादक. सहा व्हायोलिनं, एक चेलो, दोन बासऱ्या, एक ट्रम्पेट...”

“आणि?”

“आणि तुमची पेटी. ते खाली लिहिलंय, अक्का. ‘यांचेही सहकार्य लाभले’मध्ये.”

वसुमतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद परत दिला.

अकरा माणसांत सिम्फनी होत नाही, हे त्रेपन्न साली ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या कुटिन्होंना चांगलं ठाऊक होतं. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये ते उमेदीची वर्षं वाजवून आले होते. काय काय नाही, याची यादी करायला बसले तेव्हा ती जे आहे त्याहून लांब झाली. मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारी, मिशनच्या मास्तरणींकडून नोटेशन वाचायला शिकलेली एक देशस्थ बाई पायपेटी वाजवते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं आणि जी वाद्यं नव्हती ती सगळी तिच्या गळ्यात घातली. पायाने भाता मारायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. डाव्या हातात बॅसून आणि हॉर्न, उजव्यात व्हिओला, क्लॅरिनेट, ओबो. तिच्या वहीच्या प्रत्येक पानावर पाच ओळी एकाखाली एक होत्या, तिनेच रात्री जागून उतरवलेल्या. सुरुवातीला सगळ्यांना सूर देणं हेही तिच्याकडे आलं. ते काम ओबोचं, या सनईच्या जातीच्या वाद्याचं, आणि ओबो म्हणजे तीच.

मग ऑर्केस्ट्रा वाढू लागला. कुठल्या कारखान्यात कुणी बदलून आला, कुणाच्या मामाची जुनी वाद्यं माळ्यावर सापडली. माणूस आला की वसुमती घरून खळ करून आणी आणि वहीतल्या त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवे. व्हिओला गेली, क्लॅरिनेट गेली. साठ साली हॉर्न गेला, बासष्टला बॅसून. वाजवणारे आता चौतीस झाले होते आणि तिची वही खळीने जाड होऊन मिटेनाशी झाली होती. चिकटवायची राहिलेली ओळ एकच होती, ओबोची. त्यातही मंद भागातली आठ मापं, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा, सोडली तर सगळं इतरांच्या मागेमागे. ती आठ मापं मात्र तिची एकटीची होती. तेव्हा सगळी व्हायोलिनं थांबत.

“अक्का,” नरसिंहराव कागदाकडे बघत म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. स्वल्प समजून घ्या.”

“ओबो मिळाला,” ती म्हणाली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुम्ही. गेली दहा मिनिटं तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात. कोण आहे?”

“पलटणीतला आहे. बँडमधून रिटायर झालाय, आता आमच्या कारखान्यात गेटवर असतो. सयाजी खराडे. मराठीच आहे, म्हणजे तिकडचा, कोल्हापूरकडचा. कुटिन्होसाहेबांनी अजून ऐकलेलं नाही त्याला. आज बघू. नाही जमला तर तुम्ही आहातच.”

“आणि जमला तर?”

“तर... कार्यक्रमाला पाहुण्यांची व्यवस्था बघायला कुणी तरी हवंच आहे, अक्का.”

“सरी, ठीक,” वसुमती म्हणाली. “स्मरणिकेत लिहा. चौसष्ट, ओबो. या वेळी साल चुकवू नका.”

सयाजी खराडे साडेआठला एक मिनिट कमी असताना आला. ऑर्केस्ट्राच्या इतिहासात वेळेवर आलेला तो पहिला वादक असावा. पन्नाशीचा, केस बारीक कापलेले, खाकी पँट कडक इस्त्रीची. त्याने दाराशी चपला काढल्या, मग इतरांच्या पायांतले बूट पाहून पुन्हा घातल्या. बाकीचे नऊपर्यंत एकेक करून आले. मिस डायस, पहिल्या व्हायोलिनच्या, आल्या आल्या कुरकुरत होत्या. त्यांची बारीक तार पुन्हा तुटली होती, या वर्षातली पाचवी, आणि बाहेरून तारा मागवायचं लायसन्स अजून दिल्लीतच पडून होतं.

कुटिन्होंनी काडीने स्टँडवर टकटक केली.

“सूर,” ते इंग्रजीत म्हणाले. “सवयीप्रमाणे आधी मिसेस देसाई. मग हवालदार, तुम्ही त्यांच्याशी सूर मिळवा.”

वसुमतीने भाता मारला आणि सूर धरला. तो सगळ्यांच्या कानात मुरलेला होता. सयाजीने ओबोची जिभली ओठांत ओली केली आणि फुंकला.

दोन सूर एकमेकांना घासले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

“वर,” कुटिन्हो म्हणाले.

सयाजीने जिभली आत खोचली, पुन्हा फुंकला. सूर वर सरकला, पण पोहोचला नाही.

“अजून वर.”

तिसऱ्या वेळी त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि सूर चिरकला. चौथ्या वेळी कुटिन्होंनी हात वर केला.

“हवालदार, परेडच्या मैदानावर हे चालत असेल. तिथे सगळेच चालत असतात, कुणी ऐकत नाही. इथे लोक खुर्चीत बसून ऐकतात.”

आता बरेच जण हसले. सयाजीने ओबो मांडीवर ठेवला आणि “येस सर” म्हणाला.

वसुमतीचं बोट अजून पट्टीवर होतं. तिने ते उचललं.

पंचावन्न सालच्या पावसात थिएटरचं छप्पर गळलं होतं आणि विंगेत ठेवलेल्या पायपेटीत पाणी शिरलं होतं. चिक्कपेटेतल्या दुरुस्तीवाल्याने सगळे स्वर नवे बसवून दिले. पायपेटी म्हटल्यावर ती नाटक कंपनीचीच, असं त्याने न विचारताच धरलं. नाटकवाल्यांची पेटी तो चढीच लावायचा, गाणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून. वसुमतीने शाळेतला सूर तपासायचा चिमटा वाजवून पाहिला तेव्हा पाव सुराचा फरक निघाला. कार्यक्रम चार दिवसांवर होता. झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. पण कार्यक्रमापर्यंत सगळे त्या सुराला मिळाले होते. बासऱ्या पार आत दाबल्या गेल्या. दोन वर्षांनी प्राणेश क्लॅरिनेट घेऊन आला, त्याचा सूर जुळेना, तेव्हा त्याने लेथवर वाद्याचा एक तुकडा घासून आखूड करून आणला आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. त्यानंतर सांगायचं कसं? आणि कुणाला? व्हायोलिनच्या तारा तुटत राहिल्या, लोक बेंगळूरच्या हवेला दोष देत राहिले.

कॉफीसाठी पंधरा मिनिटांची सुट्टी झाली तेव्हा नरसिंहराव पेटीजवळ आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“बरं झालं, अक्का. तुमची जागा राहिली. खरं सांगू, मला वाईटच वाटत होतं.”

“तुम्हीच आणलंत ना त्यांना?”

“आणलं, पण कान नाही हो त्याला. पलटणीत सगळे एका रांगेत चालले की झालं.”

ती उठून विंगेत गेली. सयाजी एका खोक्यावर बसून ओबोचे तुकडे सुटे करत होता. प्रत्येक तुकडा तो पिसाने आतून पुसत होता.

“इतक्यात निघालात?”

“व्हय. साहेबांचा टाइम खोटी कशाला करायचा.”

“तुम्हाला कळलं ना?” वसुमतीने विचारलं.

त्याने वर पाहिलं. मग पीस पुन्हा नळीत घातलं. “बाई, पेटी चढी हाय तुमची. पाव सूर. पचमढीला पलटणीच्या बँडशाळेत आमाला तीन वरसं एकच सूर ऐकवला, झोपेतनं उठवून गायला लावायचे. त्यो काय चुकायचा न्हाई.”

“मग बोलला का नाहीत? चारचौघांत त्यांनी तुमची थट्टा केली.”

“तुमी अकरा वरसं हितं हाईसा. मी आज आलो. येऊन बाईमाणसाला खोटं पाडायचं? आन् चौतीस माणसं एका बाजूला, मी एकटा. समदे एका सुरात असल्यावर खोटं कोण, मीच की.”

वसुमतीला त्या माणसाचा विलक्षण राग आला. त्याच्या समजूतदारपणाचा, त्या पिसाचा, कडक इस्त्रीचा. आरडाओरडा करून गेला असता तर किती सोपं झालं असतं. नुसतं ‘पेटी खोटी’ म्हणाला असता, तर ती नऊ वर्षांच्या सरावाने त्याच्याशी चांगली भांडली असती.

“जोडा ते परत,” ती म्हणाली.

“आँ?”

“ओबो जोडा. आणि येऊन बसा जागेवर. सारखं सारखं किती सांगायचं माणसांना!”

एकदाच सांगितलं होतं, पण सयाजीने ते बोलून दाखवलं नाही.

कुटिन्हो काडी घेऊन उभे होते. सयाजीला पुन्हा खुर्चीत बसलेलं पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“मिसेस देसाई, सूर.”

वसुमती पेटीमागे बसली. पाय भात्यावर ठेवले नाहीत.

“मिसेस देसाई?”

“खराडे देतील,” ती म्हणाली.

“त्यांचा सूर उतरलेला आहे.”

“त्यांचा बरोबर आहे. आपला चढलेला आहे. पंचावन्न सालापासून.” मग ती सरळ प्राणेशकडे वळली, कारण कुटिन्होंकडे पाहणं जमत नव्हतं. “तुझ्या क्लॅरिनेटमध्ये काही दोष नव्हता. उगाच कापलास तो तुकडा.”

 मिस डायस आपल्या व्हायोलिनच्या बारीक तारेकडे पाहत होत्या, मग वसुमतीकडे पाहू लागल्या.

“आणि तुम्हाला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

“होतं.”

“नऊ वर्षं?”

“हो. विचारलं कुणी?” तिचा आवाज चढला. “सूर द्या म्हणायचात, मी द्यायची. एकाने तरी म्हणावं की बाई, पुन्हा एकदा बघा!”

नरसिंहरावांनी खिशातून स्मरणिकेचा कागद काढला, उघडला आणि तसाच परत ठेवला.

कुटिन्होंनी चष्मा काढून पुसला. त्यांचे कान लाल झाले होते. कान हीच त्यांची आयुष्यभराची कमाई होती. ते काय बोलणार याची सगळे वाट पाहत होते. त्यांनी फक्त सयाजीकडे काडीने खूण केली.

सयाजीने सूर दिला. खाली, सरळ, न हलणारा. एकेक खुंटी कुरकुरत सैल होऊ लागली. बासऱ्या बाहेर ओढल्या गेल्या, प्राणेशने आपला आखूड तुकडा नखाएवढा बाहेर काढला. ते सगळं जुळेपर्यंत दहाला दहा कमी झाले आणि दारवान आत डोकावून गेला.

पेटीमागे आता काहीच काम नव्हतं. वसुमतीने झाकण लावलं, बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली आणि घरी जावं की थांबावं हे न ठरल्यामुळे चौथ्या रांगेत बसली. मंद भाग सुरू झाला. अकरा वर्षांत तिने हा ऑर्केस्ट्रा समोरून कधी ऐकला नव्हता. पेटीमागे तिला नेहमी ट्रम्पेटची पाठ दिसे आणि स्वतःचा भाता ऐकू येई.

व्हायोलिनं थांबली. तिची आठ मापं सयाजीने वाजवली. तिसऱ्या मापात ती नेहमी किंचित थांबायची, भाता भरून घ्यायला. तो थांबला नाही. त्याला पुरेसा श्वास होता. तिने मांडीवरच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग व्हायोलिनं परत आली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.  तिला राहवलं नाही.

“दुसरी व्हायोलिनं मागे पडतायत!”

काडी हवेतच थांबली. चौतीस माणसं थांबली. आपण केवढ्याने ओरडलो हे वसुमतीला तेव्हा कळलं.

कुटिन्हो मागे वळले नाहीत.

“कुठपासून?” त्यांनी विचारलं.

“ओबो संपल्यापासून. चौथ्या मापात येतात जुळून, पण तोवर उशीर झालेला असतो.”

कुटिन्होंनी समोरचं एक पान मागे उलटलं.

“ओबोपासून,” ते स्टेजवरच्यांना म्हणाले, आणि काडी उचलण्याआधी त्यांनी मान जराशी डावीकडे कलती केली, मागून काही ऐकू आलं तर ऐकता यावं अशी.