भट्टीच्या वरच्या मजल्यावर

चिमी दीड वर्षाची झाली तरी टेकू दिल्याशिवाय बसेना. खुळखुळा धरायला गेली की हात भलतीकडेच जायचा. घरात डॉक्टर कुणीच नव्हतं, त्यामुळे निदानांना तोटा नव्हता. सासूबाईंच्या मते सून पोटुशी असताना डाव्या कुशीवर झोपलीच नाही. नवऱ्याच्या मते मोबाइल. सासऱ्यांच्या मते सुनेच्या माहेरची माणसं मुळातच आळशी.

सासरे बॅटरीवाले. तळमजल्यावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. वर कुटुंब राहायचं. पोटात चिमी असताना सून बापलेकांचे काळेकुट्ट कपडे हातानं घासत होती. तेव्हा तिला कुणी "जप हो" म्हटलं नव्हतं. "कॉलर नीट घास" एवढंच म्हटलं होतं.

शेवटी ती एकटीच चिमीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मायलेकींचं रक्त तपासलं. दोघींच्याही रक्तात भरपूर शिसं निघालं.

"आईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदू, नसा घडत असतानाच इजा होते. मग बसणं, चालणं, हातानं नीट धरणं, सगळं रेंगाळतं. यामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत, पण संशय दाट आहे. आधी त्या धुळीतून बाहेर पडा. मग व्यायाम."

"पूर्ण बरी होईल?"

"सुधारेल. पूर्ण बरी होईल असं वचन नाही देत."

परतताना तिला संताप आला आणि हायसंही वाटलं. निदान आपली कूस तरी निर्दोष सुटली!

घरी सासरे खो खो हसले. "अख्खी हयात शिशात गेली माझी. मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी चहाचा कप उचलला. निम्मा चहा बशीत, उरलेला सदऱ्यावर. नवऱ्यानं तत्परतेनं फडकं आणलं.

"भट्टी इथून हलवा, बाबा," सून म्हणाली.

"एका पोरीसाठी धंदा हलवू?"

दुसऱ्या दिवशी सुनेनं पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. नवरा थोडे दिवस तत्त्वाला चिकटून राहिला. जेवणाचे हाल झाल्यावर तत्त्व सुटलं. तिनं त्याला अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात घेतलं.

रोजचे व्यायाम, रोजची रडारड. तीन वर्षं उलटल्यावर चिमी भिंत धरून चालू लागली. पाय फेंगडे पडायचे, पण चालली.

सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, "माझ्या मालिशीचा गुण!" त्यांनी चिमीला एकदाही मालिश केली नव्हती. सून वाद घालायला थांबली नाही. तिला चिमीला जिना उतरायला शिकवायचं होतं.