काचेखालची हातोडी

"ही शिडी आहे आत्या, जिना नव्हे. तुझे गुडघे राहू देत वरच," असं बजावून बारक्याने बॅटरी दातांत धरली आणि फुटपाथला पाडलेल्या भोकातून खाली पाय सोडले.

बारक्या म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला गृहस्थ; पण आत्याने ठेवलेलं नाव बदलायची कोणाची टाप होती? उद्या पालिकेची माणसं हे तळघर सिमेंटने भरून टाकणार होती. त्याआधी एकदा खाली जायचंच म्हणून आत्याने आठवडाभर भुणभुण लावली, तेव्हा कुठे त्याने मुकादमाची मनधरणी करून थोडा वेळ मागून घेतला.

तळघर कसलं, एके काळी ते रस्त्यावरचं दुकान होतं. नदीचं पाणी सारखं घरांत शिरायचं, म्हणून तेव्हाच्या कारभाऱ्यांनी अख्खा रस्ताच एक मजला वर घेतला. दुकानं राहिली खाली आणि गिऱ्हाइकं शिडीने उतरू लागली. एक बाई म्हणे टोपी घ्यायला उतरली आणि वरून कोणीतरी शिडीच पळवली. संध्याकाळपर्यंत टोपीवाल्याशी गप्पा मारत बसली ती बसली, पुढे त्याच्याशीच लग्न केलं! त्याच्याच शेजारचं हे दुकान बारक्याच्या आजोबांचं, म्हणजे आत्याच्या वडिलांचं, चपला-बुटांचं. पुढे दुकानांच्या डोक्यावर फुटपाथ आला, तेव्हा उजेडासाठी त्यात जाड काचा बसवल्या. वरून जाणाऱ्याची झिजलेली टाच बघून आजोबा म्हणायचे, "हा येणार आता."

लहानपणी आत्या त्यांचा डबा घेऊन यायची आणि काचेवर दोनदा टाच आपटायची. खालून आजोबा ऐरणीवर हातोडी एकदा ठोकायचे. म्हणजे ऐकलं, आलोच.

मग शहरात बुटांचा कारखाना निघाला, आणि आत्या नेमकी तिथंच कामाला लागली. बापाच्या पोटावरच पाय! आजोबांनी बोलणं टाकलं. ही त्यांचीच लेक, हिनेही वेगळी खोली घेतली. तरी त्या पावसाळ्यात रोज कामावर जाताना ती काचेवर दोनदा टाच आपटायची. खालून उत्तर यायचं नाही. थंडीत आजोबा गेले.

"तोंडाने नाही तर नाही, हातोडीने तरी बोलायचं होतं त्यांनी," हे आत्या अजूनही म्हणायची, आणि दर वेळी तिला रडू यायचं.

खाली सगळं होतं तसंच होतं. ऐरण, गंजलेली हातोडी, खुंटीला कंदील.

"आत्या, वाजव बघू टाच!"

"कधीची वाजवतेय! बहिरा झालास का?"

बारक्याने छतावर बॅटरी मारली. काच दिसेचना. तिथं चामड्याचे थर होते, एकावर एक, डांबर फासून कडेने खिळ्यांनी ठोकलेले. भिंतीवरून पाण्याचे जुने ओघळ उतरले होते. त्याने हात लावून पाहिलं. काम आजोबांचंच होतं, खिळे अगदी एका ओळीत.

"अरे, दातखीळ बसली का? काय आहे तिथं?"

"आत्या, काच गळत होती. त्यांनी आतून चामडं ठोकलंय. जाड आहे गं. खाली काही ऐकूच येत नव्हतं."



"कधी ठोकलं असेल?" तिने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

"त्याच पावसाळ्यात ठोकलं असणार."

 बारक्याने वरून पहार मागून घेतली आणि चामडं उचकटलं. धूळ पडली, खिळे पडले, आणि मागोमाग मळकट उजेड खाली आला. त्यात दोन चपलांच्या सावल्या होत्या.

"आता वाजव."

टक टक. डोक्यावरच वाजल्यासारखं होऊन तो दचकला. मग त्याने हातोडी उचलली आणि ऐरणीवर एकदा ठोकली.

चपला जागच्या हलल्या नाहीत.

"आजी, आटपा आता!" मुकादम ओरडला. "माणसं खोळंबलीत."

"जरा गप रे," आत्या म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."