शेवटचे दोन शब्द

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळ्याजणी रेडिओ म्हणायच्या. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर तिचं काम. ओलसर चादर दोन तापलेल्या रुळांमध्ये सरकवायची, पलीकडे उभ्या असलेलीने ती कडक होऊन आली की ओढून घ्यायची. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्यामुळे तिला लोकांचे आवाज काढायची खोड लागली. मुकादमबाई, वरच्या नर्स, औषधवाला, कोणाला म्हणून सोडायची नाही. घरी नवरा म्हणायचा, सगळ्यांची नक्कल करतेस, माझी कधी करत नाहीस. त्यावर ती म्हणायची, त्यासाठी आधी तुम्ही काहीतरी बोलायला हवं.

रुळांपुढची जाळी निखळून चार महिने झाले होते. एकीची दोन बोटं भाजली. तीन अर्ज झाले. साहेब दरवेळी चष्मा कपाळावर चढवून "बघू, बघू, बघायला पाहिजे" म्हणायचे आणि चष्मा खाली घ्यायचे. मग एक दिवस विश्वस्तांची फेरी तळघरात आली. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, इथे जाळी नाही का? साहेब तोंड उघडणार एवढ्यात रेडिओने नसलेला चष्मा कपाळावर चढवला आणि थेट त्यांच्या आवाजात म्हटलं, "बघू, बघू, बघायला पाहिजे."

म्हाताऱ्या बाई आधी हसल्या. मग सगळेच हसले. साहेबांचे कान लालबुंद झाले. चौथ्या दिवशी जाळी बसली.

त्यानंतर रेडिओचा भाव वधारला. डबे उघडले की कोणीतरी म्हणायचंच, "काय, आज कोण?" पहिले काही दिवस तिलाही मजा वाटली. पण नक्कल शिळी झाली की कोणी हसत नाही, आणि तळघरात माणसं ती किती. साहेब झाले, मुकादमबाई दोनदा झाल्या. जेवणाची सुट्टी जवळ आली की ती मनातल्या मनात उरलेली माणसं मोजायची. आज काय द्यायचं यांना?

दोन महिन्यांपूर्वी घड्या घालायला एक बाई लागल्या होत्या. चाळिशी उलटलेल्या, अंगाने किरकोळ, आपण बरं आपलं काम बरं अशा. त्यांची एक सवय होती. कोणी काही सांगितलं की त्यातले शेवटचे दोन शब्द त्या पुटपुटायच्या. "चादरी तिसऱ्या मजल्यावर पाठवा" म्हटलं की "मजल्यावर पाठवा" आणि मग मान हलवायच्या. "पाणी गेलंय" म्हटलं तरी "पाणी गेलंय."

एका दुपारी रेडिओला दुसरं काही सुचलं नाही. तिने हात पुसले, खांदे आत ओढले आणि समोरचीला म्हटलं, मला काहीतरी सांग. समोरची म्हणाली, तुझ्या नवऱ्याने दुसरी आणली. "दुसरी आणली," रेडिओ पुटपुटली आणि मान हलवली. बायका घास तोंडात धरून हसल्या. घडीवाल्या बाईही तिथेच बसल्या होत्या. त्याही हसल्या, डब्याचं झाकण लावता लावता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शब्द पुटपुटणं बंद केलं. रेडिओच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मुकादमबाईंनी काही सांगितलं, बाईंचे ओठ हलले, मिटले, नुसती मान हलली. रेडिओला उगाच चुटपुट लागली. तिने दोन चादरी तिरक्या सरकवल्या आणि पलीकडचीची बोलणी खाल्ली. घरी भाजी चिरताना ती तीनदा उठून दाराशी गेली. नवऱ्याने विचारलं, कोणी यायचंय का? ती म्हणाली, कोणी नाही.

पुढच्या आठवड्यात ते झालं. शस्त्रक्रिया विभागाला सकाळी सत्तर हिरवी कापडं हवी होती. मुकादमबाईंनी यंत्राच्या धडधडाटात ओरडून सांगितलं. घडीवाल्या बाईंनी मान हलवली आणि गाडीवर सतरा चढवली. वर एक म्हातारे गृहस्थ उपाशीपोटी अडीच तास ताटकळले, डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं, आणि दुपारी साहेबांकडून बाईंना बोलावणं आलं.

बाई वर गेल्या तशी रेडिओची चलबिचल सुरू झाली. त्या खाली आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळलं नाही. रेडिओ कोणाला न सांगता जिना चढली आणि साहेबांपुढे उभी राहिली. तिने एका दमात सांगून टाकलं. त्या शेवटचे शब्द म्हणायच्या ती खोड नव्हती, नीट ऐकलंय ना ते ताडून बघायच्या. मी त्यांची नक्कल केली म्हणून त्यांनी ते सोडलं. चूक माझ्या नावावर लिहा.

साहेबांनी चष्म्याकडे हात नेला आणि तसाच खाली आणला.

"तुमच्या त्या नकलेची गोष्ट माझ्या घरापर्यंत गेली," ते म्हणाले. "मी बघू म्हटलं की मुलगी हसते. चालायचंच. मी जाळी बसवली आणि मोकळा झालो. त्या बाईंनी काय बसवायचं?"

बाईंना फक्त समज दिली आहे, नोकरीला धक्का नाही, एवढं त्यांनी सांगितलं आणि समोरचा कागद ओढून घेतला.

सुटल्यावर तिने घडीवाल्या बाईंना फाटकाशी गाठलं. माफी कशी मागायची हे दुपारभर घोकलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. ती म्हणाली, गंमत होती हो ताई, मनात काही नव्हतं.

"हुबेहूब केलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पहिल्या कामावर एकदा ऐकण्यात चूक झाली, तेव्हापासून मी तसं करते. पण मला वाटायचं, मी ते मनातल्या मनात म्हणते. मोठ्याने म्हणते हे त्या दिवशी कळलं."

बस आली आणि त्या चढल्या.

रेडिओ चालत घरी गेली. दोन थांबे मागे टाकले तरी पाय थांबेनात. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला सारखं वाटत होतं.

सकाळी तिने एक ठरवलं. मुकादमबाईंनी सांगितलं, चौथ्या मजल्याच्या चादरी आधी घे. रेडिओ मोठ्याने म्हणाली, "चादरी आधी घेते." सगळ्याजणी खो खो हसल्या. त्यांना वाटलं, तीच नक्कल पुन्हा. घडीवाल्या बाईंनी पाठ वळवली. रेडिओचा चेहरा शेकला, पण तिने पुढच्या वेळीही तेच केलं, त्याच्या पुढच्या वेळीही. जेवताना कोणी "काय, आज कोण?" विचारलं तर ती डब्यात बघत "कोणी नाही" म्हणायची. मैत्रिणी म्हणाल्या, रेडिओ बिघडला. मुकादमबाईंनी तर चिडून विचारलं, माझी टर उडवतेस का? ती म्हणाली, नाही, ऐकलं ते सांगते, चुकलं तर सांगा.

हसू आटायला नऊ दिवस लागले. नंतर कोणी वर बघेनासं झालं. पलीकडची तर आकडे स्वतःच म्हणू लागली, तिला ते सोयीचं वाटलं एवढंच.

बाराव्या दिवशी मुकादमबाईंनी दारातून काहीतरी सांगितलं. धडधडाटात रेडिओला अर्धवट ऐकू आलं. ती म्हणाली, "एकोणतीस उशांचे अभ्रे."

"एकोणचाळीस," मागून आवाज आला. "एकोणचाळीस अभ्रे."

तिने वळून पाहिलं. घडीवाल्या बाई मान खाली घालून चादरीची टोकं जुळवत होत्या. चूक खपली नाही म्हणून त्या बोलल्या की आणखी कशासाठी, ते विचारायचा रेडिओला धीर झाला नाही. जेवायच्या वेळी तिने आपल्या शेजारचा बाक रिकामा ठेवला. बाई आल्या, थोडं थांबल्या, आणि नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. रेडिओने दोन घास खाल्ले, डबा बंद केला आणि सुट्टी संपायच्या आधीच उठून रूळ तापवायला गेली.