दुसरा भाग नसलेली मालिका

मित्रांनो, मी एका विनोदी मालिकेचा पहिला भाग आहे. दुसरा भाग कधी झालाच नाही.

माझा जन्म १९७६ साली लॉस एंजेलिसजवळ, बरबँकच्या एका स्टुडिओत झाला. तेव्हा एका हॉटेलावरची मालिका घराघरांत लागायची. तिच्यात व्हर्ना पुलास्की नावाची नटी धोबिणीचं काम करी. चादरींचा गठ्ठा घेऊन यायची, एक टोमणा मारायची आणि जायची. लोकांना ती इतकी आवडली, की तिची वेगळी मालिका काढायचं ठरलं. धोबिणीची स्वतःची लाँड्री! आधी नमुन्याचा एक भाग करून बघायचा होता. तोच मी.

दोनशे प्रेक्षक समोर बसले होते. पडद्यामागे व्हर्ना चादरींचा गठ्ठा पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. दिग्दर्शक म्हणाला, "अगं, नेहमीचंच तर काम आहे."

"नेहमीचं कुठलं? तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या दारातून आत येतेय रे. आज दार माझं आहे."

त्या दिवशी ती काय रंगली म्हणून सांगू! पण आठवड्याने वाहिनीच्या साहेबांनी मला अर्धवट पाहिलं आणि म्हणाले, "ही बाई दोन मिनिटं गोड वाटते. अर्धा तास कोण सोसणार?"

संपलं. हॉटेलच्या मालिकेत तर धोबीण गाव सोडून गेल्याचं दाखवून झालं होतं. व्हर्नाची दोन्ही दारं बंद झाली.

फिती तेव्हा महाग. नको असलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा भरत. माझंही नाव पुसायच्या यादीत लागलं. फितींची खोली इडेला नावाची बाई सांभाळी. तिने यादी वाचली, माझ्यावरची चिठ्ठी काढली आणि नवी चिकटवली, 'जुनं हवामान'.

"मालिका झाली नाही, म्हणून हे झालंच नाही की काय?" ती स्वतःशीच पुटपुटली.

अकरा वर्षं मी हवामान होतो. हवामानाच्या जुन्या बातम्या कोण मागणार, कोण तपासणार? मला कुणी हात लावला नाही. मग निवृत्त होण्याआधी इडेलाने व्हर्नाला पत्र घालून बोलावलं. व्हर्ना आता सत्तरीला टेकलेली.

"नको गं लावूस," ती म्हणाली. "आपटलेलं काम कशाला बघायचं?"

"पाच मिनिटं, बाई. नाही आवडलं तर बंद करते."

मी सुरू झालो. पहिल्या विनोदाला फितीतले सगळे प्रेक्षक हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर मागून एकच माणूस गडगडून हसला. व्हर्ना ताडकन उभी राहिली.

"थांब! मागे घे. हा आमचा कॅझ!"

कॅझ तिचा नवरा, त्या दिवशी प्रेक्षकांत मागे बसलेला. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा एक फोटो होता, आवाज कुठेच नव्हता.

"आधी माझ्याकडे बघत बसायचा मेला," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि विनोद मागाहून कळायचा."

इडेलाने मला चार वेळा मागे घेतलं. पाचव्यांदा व्हर्नाने स्वतःकडेही पाहिलं, अगदी शेवटपर्यंत.

"बरी करत होते गं मी."

"बरी? अहो, माझं पोट दुखलं हसून!"

मित्रांनो, पुढे न गेलेलं काम वाया गेलं, असं म्हणू नका. पुसायचंच असेल, तर आधी एकदा पूर्ण ऐका. माझ्यासारख्यांच्या पोटात कुणाचं कोण जपलेलं असेल, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.