गळलं तर माझ्या हातावर

मित्रांनो, कागलच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला मी एक जुना साचा आहे. पळसाच्या पानांचे द्रोण दाबणं हे माझं काम. सत्त्याण्णव साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात केरबा मिस्त्रींनी मला घडवलं. वरचा भाग विजेवर तापतो, खालचा खोलगट आहे. पायाशी दांडा आहे. तो दाबला की पानाचा द्रोण होतो.

मला घडवून घेतलं पारूबाईंनी. लग्नाची जेवणावळ उठली की ओढ्याकाठी थर्माकोलच्या वाट्यांचा खच पडायचा आणि म्हशी त्या चघळायच्या. ते बघवेना, म्हणून त्यांनी हा धंदा मनावर घेतला. पाल्यावर कर्ज मिळत नाही, असं म्हणून बँकेतल्या साहेबांनी त्यांना हसत वाटेला लावलं. केरबा मात्र म्हणाले, आधी न्या, चालवून बघा, पैशाचं मग बोलू.

पहिली मोठी मागणी आकाराम आचाऱ्यांनी दिली, एका लग्नाची. पारूबाईंनी द्रोणांत पाणी ओतून पाहिलं. थेंबही गळला नाही. पण पंगतीत कढत तांबडा रस्सा पडला, तर्री पानांच्या सांध्यांत शिरली आणि नवरदेवाच्या मामाचं पांढरं धोतर रंगलं. दुसऱ्या दिवशी आचारी शेडमध्ये आले.

"पाण्यानं तपासलंसा व्हय? आवं पारूबाई, कोल्हापुरात द्रोणातनं पाणी पितंय कोण?"

दाराशी जमलेले लोक हसले. माझी रवानगी आता भंगारात, असं मला वाटलं. पारूबाईंनी मला टेम्पोत घातलं आणि पुन्हा उद्यमनगर गाठलं. केरबांनी माझी खोली वाढवली. पारूबाई पानं आधी भिजवू लागल्या, दोन पानं आडवी-उभी लावू लागल्या. मग कामगारांच्या डब्यातला रस्सा उकळून नव्या द्रोणात ओतला. तो त्यांनी तळहातावर घेतला.

"गळलं तर पयलं माझ्या हातावर गळू दे."

रस्सा निवेपर्यंत हात हलला नाही. मग केरबांनी तोच रस्सा पिऊन टाकला. ही गोष्ट आचाऱ्यांच्या कानावर गेली आणि पुढचं लग्न त्यांनी आपणहून दिलं.

पुढे जयसिंगपूरच्या दुकानांत माझे द्रोण गेले. भारनियमनाच्या दिवसांत वीज येईल तेव्हा पारूबाई माझ्यापुढे बसायच्या. दर खेपेचा पहिला द्रोण त्यांच्या तळहातावर ठरायचा. लघुउद्योगांच्या एका मेळाव्यात मला हार घातला गेला. त्याच मेळाव्याचं जेवण थर्माकोलच्या ताटांत वाढलं होतं.

मग पारूबाई आजारी पडल्या. शेडला कुलूप लागलं, मी गंजलो. दोन हजार आठ साली त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या जेवणासाठी भावकीनं थर्माकोलच्या वाट्या आणून ठेवल्या. त्यांची मुलगी सोनम हिनं त्या पाहिल्या आणि शेडची किल्ली मागितली.

"पोरी, दुःखात कशाला गं ह्यो उपद्व्याप?" चुलते दादासो म्हणाले.

सोनमनं शेडचं कुलूप उघडलं. तिनं रॉकेलनं माझा गंज पुसला, वायर बदलून घेतली, पानं भिजवली. पहिला द्रोण करपला. दुसऱ्यात तिनं कढत आमटी ओतली आणि तो तळहातावर घेतला. दादासो बघत उभे राहिले.

आमटी निवली. सोनमनं कोरडा हात त्यांना दाखवला. दादासोंनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पानांची बादली जवळ ओढली.

मित्रांनो, मला हार नको. तुमच्या घरी पंगत ठरली की आधी मला काम सांगा. नुसता उभा ठेवलात तर मी गंजतो. आणि पहिला द्रोण तुमच्या हातावर घ्या.