तिसऱ्या बेसजवळची लाल माती

मित्रांनो, माझं वय सव्वीस. तुमच्यात या वयाला तरणाबांड म्हणतात, आमच्यात जुनाट. मी या नदीकाठच्या शहरातलं जुनं बेसबॉल स्टेडियम आहे आणि येत्या मार्चमध्ये मला पाडणार आहेत. त्याचं रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला मूठभर मातीबद्दल बोलायचं आहे. तिची खरी हकीकत मला ठाऊक होती आणि मला ती सांगता आली नाही.

मला उभारायला आधी कॅलोवे स्ट्रीटवरची एकेचाळीस घरं, एक चर्च आणि एक न्हाव्याचं दुकान पाडलं. मग पंचवीस फूट खोल खड्डा खणला, कारण माझं मैदान रस्त्याच्या बरंच खाली आहे. तिथली काळी माती ट्रक भरभरून गेली ती हायवेच्या नव्या वळणाखाली भराव म्हणून. मैदानाची वाळू एका गावाहून आली. गवत दुसऱ्या गावाहून सतरंजीसारखं गुंडाळून आलं. बेस म्हणजे धावताना खेळाडू पाय टेकवतात ती ठिकाणं; त्यांच्याभोवतीची लाल माती कुठल्याशा दूरच्या डोंगराळ मुलखातली. माणसं सोडली तर माझ्या अंगावर या शहराचं काहीच नव्हतं.

माझे नव्याचे नऊ दिवस चांगले दहा वर्षं चालले. बाप पोरांना खांद्यावर घेऊन येत. शेंगदाण्याच्या टरफलांचा पायाखाली खच पडे. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगत, "स्टेडियमपासून दोन चौक पुढे." एका पावसाळी शनिवारी नऊ डावांचा सामना लांबत गेला आणि तेराव्या डावात आम्ही जिंकलो, तेव्हा अनोळखी माणसं गळ्यात गळा घालून रडली होती. तेव्हा मला वाटायचं, आपण या शहराचं काळीज आहोत. फुशारकीच ती, पण मी ती मनापासून मारत होतो.

तिसऱ्या बेसच्या बाजूला लोकांना जागा दाखवायला वर्लीन टिब्स उभी असायची. तेवीस वर्षं तीच जागा. हातातल्या फडक्याने खुर्ची पुसायची आणि तोंडाने माणसाला धुवायची.

"अहो लंबूटांग, तिकीट वरच्या मजल्याचं आणि बसताय इथे? इथे बसायचं तर सासऱ्याला सांगा पैसे भरायला!"

समोरच्या संघाचा खेळाडू तिसऱ्या बेसवर येऊन उभा राहिला की ती ओरडायची, "ए बाळा, आमच्या न्हाणीत बूट घालून उभा आहेस!" लोक हसत. त्यांना ती थट्टा वाटे. पण वर्लीनचं घर खरंच कॅलोवे स्ट्रीटवर होतं. तिने पावलं मोजून ठरवलं होतं की तिसऱ्या बेसच्या मागे, गवत सुरू होतं तिथे न्हाणी होती आणि तिच्या पलीकडे आईचा कोलार्डच्या पालेभाजीचा वाफा.

तिची आई आयडाबेल. गल्लीतून सगळ्यात शेवटी निघाली ती हीच. माझ्या दारात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. वर्लीन सांगायची, "आई म्हणते, ज्याने घर गिळलं त्याच्यासमोर टाळ्या वाजवायला मी येऊ?" हे ऐकून मला फार वाईट वाटे.

मग मालकांना शहराबाहेर नवं स्टेडियम हवंसं झालं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. गळक्या छपराकडे कुणी पाहीना, बंद पडलेले नळ कुणी दुरुस्त करीना. गेल्या सप्टेंबरच्या एका रविवारी माझ्यावर शेवटचा सामना झाला. आम्ही हरलो. लोक आठवण म्हणून खुर्च्यांवरचे नंबर उचकटत होते. तेव्हा वर्लीन रिकामी काचेची बरणी घेऊन मैदानात उतरली आणि रामीरोपाशी गेली. रामीरो केसादा मैदानाची देखभाल करणारा मुख्य माणूस, माझ्या पहिल्या दिवसापासूनचा.

"रामीरो, आई त्र्याण्णव वर्षांची झाली. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तिने एकच मागितलंय."

"काय?"

"तिच्या परसातली मूठभर माती. शवपेटीत हातात ठेवायला. भर ना एवढी बरणी."

रामीरोने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. काळी माती मी उभा राहण्याआधीच गेली, हे एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. पण त्याची जीभ रेटेना आणि मला तर जीभच नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि तिसऱ्या बेसमागची लाल माती बरणीत भरू लागला.

"अजून थोडी घाल," वर्लीन म्हणाली. "आईचा हात मोठा आहे." तिने बरणी ओढणीत बाळ घ्यावं तशी कोटात घेतली आणि ती गेली.

ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी ती परत आली. बरणी भरलेलीच होती. रामीरो पाण्याचे पाइप गुंडाळत होता.

"आई मंगळवारी गेली," ती म्हणाली.

"देव त्यांना शांती देवो, मिस वर्लीन. पण ही माती..."

"तिने झाकण उघडलं. चिमूटभर बोटांवर चोळली. वास घेतला. म्हणाली, वर्ली, ही आपली नव्हे गं. आपली काळी होती." वर्लीनने बरणी त्याच्यापुढे धरली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या तोंडाकडे पाहून धीर झाला नाही. तुमची माती हायवेच्या वळणाखाली आहे."

"त्या वळणावरून मी रोज बसने येते," वर्लीन म्हणाली. "म्हणजे तेवीस वर्षं मी भलतीच जागा दाखवत होते?"

"जागा बरोबर होती," रामीरो म्हणाला आणि त्याने बोट वर केलं. "फक्त घर तिथे होतं. पंचवीस फूट वर."

दोघांनी वर पाहिलं. चेंडू उंच उडून क्षणभर थांबतो, तेवढ्या उंचीवर. तिथे आता काहीच नव्हतं.

"मग त्यांच्या हातात काय ठेवलंत?" रामीरोने विचारलं.

"काहीच नाही. मी म्हटलं होतं, असू दे की गं आई, मातीच ती. तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, कुणाच्या तरी परसातून आणली असेल. तिथे खड्डा पडला असेल, त्याला ठेच लागेल रोज. जिथली तिथे नेऊन टाक. रिकाम्या हाताने गेली ती, रामीरो."

मित्रांनो, जिच्या पायाखालची माती आम्ही विचारल्याशिवाय नेली, तिने दुसऱ्याची मूठभरही ठेवून घेतली नाही. वर्लीनने बरणी तिसऱ्या बेसमागे उपडी केली. रामीरोने तो ढिगारा सपाट केला नाही. तो अजून तिथे आहे.

तुमच्या गावात माझ्यासारखं काही उभं राहिलं तर टाळ्या जरूर वाजवा. पण खणायला सुरुवात होईल तेव्हा कुणीतरी विचारा, ही माती कुणाची आणि कुठे नेताय? मार्चमध्ये माझ्याकडेही ट्रक येतील. मी तेव्हा बोलू शकणार नाही. तुम्ही विचारा, ही लाल माती कुठून आणली होती. तिथेही कुणाच्या तरी हाताला ती हवी असेल.