कमलाबाईंची सेरंगूनमधली लावण

एकताचा पाय बॅडमिंटन खेळताना मोडला, तो नेमका जानेवारीत. सुनेचा पाय मोडल्याचं कमलाबाईंना वाईट वाटलंच, पण महिन्याची निवड त्यांना अजिबात पटली नाही. मुलानं, प्रीतमनं, परदेशातून विमानाचं तिकीट पाठवलं, तेव्हा त्या फोनवर म्हणाल्यासुद्धा, "अरे, भाद्रपदात मोडला असता तर मी दोन महिने राहिले असते. आता माझी रोपं ट्रेमध्ये उभी आहेत."

शिरूरकडच्या त्यांच्या गावात बावीस गुंठ्यांचा भाजीचा तुकडा होता, आणि तो सगळा कमलाबाईंच्या डोक्यानं चालायचा. थंडी ओसरायला लागली की कुठली रोपं कधी लावायची, कुठलं बी थेट टोकायचं, हे त्या गोठ्याच्या मागच्या भिंतीवर कोळशानं काढून ठेवायच्या. यंदाही काढलं. विहिरीजवळ काकडी, कारण ती पाण्याला हावरी. मधे टोमॅटो, चार ओळींमागे झेंडूची एक ओळ, म्हणजे अळी झेंडूकडे वळते. पलीकडे मिरची, मग वांगी. पार टोकाला गवार, तिला पाणी कमी चालतं. वाऱ्याच्या अंगाला मका. भेंडी मात्र दोन हप्त्यांत, निम्मी आता आणि निम्मी पंधरा दिवसांनी, नाहीतर सगळी एकदम निबर होते.

निघताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "अहो, भिंत वाचा आणि तसं करा."

नवरा म्हणजे जगदीशराव. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. शेताशी त्यांचा संबंध भाजीच्या पाट्या टपावर चढवण्यापुरता. पण माणूस हौशी आणि बायकोवर जीव असलेला. त्याचाच घोटाळा झाला.

कमलाबाई प्रीतमच्या सेरंगूनमधल्या घरी, चौदाव्या मजल्यावर येऊन आठवडा झाला असेल, तेव्हा जगदीशरावांचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावर रंगाचे दोन ठिपके आणि मोठं हसू.

"कमल, तुला सांगणार नव्हतो, पण राहवेना. गोठा रंगवून घेतला. आकाशी!"

कमलाबाईंनी चहा खाली ठेवला. "कुठली भिंत?"

"चारही. मागची फारच काळवंडली होती. कुणीतरी कोळशानं रेघोट्या मारल्या होत्या. तिला दोन हात मारले."

"ते कुणीतरी म्हणजे मी हो!"

पलीकडे बराच वेळ नुसतं आकाशी रंगाचं आभाळ दिसत राहिलं. जगदीशरावांनी फोन खाली केला होता.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. कमलाबाईंनी सगळं तोंडी सांगितलं. जगदीशरावांनी वहीत लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सरी म्हणजे खोलगट की उंचट?" कमलाबाईंनी फोन एकताकडे दिला आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

प्रीतम संशोधक माणूस. त्यानं लॅपटॉपवर वाफ्यांचा रंगीत नकाशा करून पाठवला. त्यावर वडिलांचं उत्तर आलं, "बिस्किटं छान दिसतायत. पण रान कुठंय?" मग कमलाबाईंनी जेवणाच्या टेबलावर खऱ्या भाज्या मांडल्या. इथं काकडी, इथं टोमॅटो, इथं तीन वांगी. जगदीशरावांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "वांगी तीनच लावायची होय? मग बाकीच्या ट्रेचं काय करू?"

"अण्णा, ते दाखवायला आहे," प्रीतम म्हणाला.

"बाळा, मला आहे तसं दिसलं पाहिजे. मी एकतीस वर्षं माणसं मोजलीत, वांगी नाही."

हे शेवटचं वाक्य कमलाबाईंच्या डोक्यात राहिलं. माणसं मोजलीत. मग माणसंच उभी करू.

माणसं होती कुठं, तर खाली. त्यांच्या इमारतीचा तळमजला सगळा मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. त्याला तिथं व्हॉइड डेक म्हणत. रोज सकाळी तिथं पंधरा-वीस वयस्कर मंडळी हातपाय हलवून व्यायाम करायची. कमलाबाई भाजी आणायला जाता-येता त्यांच्याकडे बघून हसायच्या, तीही हसायची. ओळख म्हणाल तर एवढीच. त्यांच्यात मिसेस लिम होत्या, गुडघे धरून चालणाऱ्या, पण कामाला पुढे. आणि टॅन अंकल होते, सिटी बसवर ड्रायव्हर होते, आता रिटायर्ड.

शनिवारी सकाळी साडेनऊला कमलाबाई खडू घेऊन खाली उतरल्या. गावाकडे सात वाजलेले. एकता चाकाच्या खुर्चीत, मागे प्रीतम फोन घेऊन. कमलाबाईंनी फरशीवर ओळी आखल्या आणि एकताला सांगितलं, "तू विचार त्यांना. म्हणावं, दहा मिनिटं माझं शेत होता का?"

एकतानं इंग्रजीत काय विचारलं कुणास ठाऊक, पण मिसेस लिम लगेच पुढे आल्या. "कॅन, कॅन! गुड फॉर नी, इज इट?"

"काय म्हणतात?"

"हो म्हणतात. गुडघ्याला चांगलं आहे का, विचारतात."

"म्हणावं, चाळीस वर्षं मी हेच करतेय आणि बघ माझे गुडघे."

झालं. अख्खी मंडळी रांगेत आली. कमलाबाईंनी नेमणुका केल्या. आठ जणं टोमॅटो, दोन-दोन फुटांवर. टॅन अंकल झेंडू, कारण त्यांचा टी-शर्ट केशरी-पिवळा होता. मिसेस लिम मिरची. एकताला उभं राहता येईना, म्हणून ती विहीर.

"आणि मी?" प्रीतमनं विचारलं.

"तू वांगं. लहानपणापासून ताटात टाकत आलास, आता उभा राहा."

"मग फोन कोण धरणार?"

"विहीर धरेल."

विहिरीनं फोन धरला. कमलाबाई स्वतः मधे उभ्या राहिल्या आणि लावण कशी करायची ते दाखवू लागल्या. खाली बसा. रोप सरीच्या कडेला टेका. दोन्ही अंगठ्यांनी माती दाबा. उठा. एक पाऊल पुढे. "बसा, दाबा, उठा!" टोमॅटो बसले, दाबले, उठले. मिरचीही कण्हत बसली आणि हसत उठली. तेवढ्यात रहिवासी कमिटीचे एक उंच गृहस्थ कागद लावलेली पाटी आणि पेन घेऊन आले. हा कुठला उपक्रम, परवानगी घेतली का, असं त्यांनी विचारलं. एकतानं विहिरीतूनच त्यांना समजावलं. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, उंच माणसाला काही जागा आहे का. त्यांना वाऱ्याच्या अंगाला मका म्हणून उभं केलं. पाटी त्यांनी छातीशी धरली.

"आता दिसलं?" कमलाबाई फोनकडे ओरडल्या.

"दिसलं!" जगदीशराव शेताच्या बांधावर उभे होते. आवाजात पहिल्यांदाच उजेड होता. "अगं, हे तर चकाचक कळतंय. तो पिवळा शर्टवाला कोण?"

"झेंडू. बसवर ड्रायव्हर होते."

इथंच माशी शिंकली. "ड्रायव्हर?" जगदीशराव म्हणाले, आणि एकतीस वर्षांची सवय उफाळून आली. त्यांनी तोंडानं बेल मारली. "टिंग टिंग!"

टॅन अंकलना मराठी येत नव्हती, जगदीशरावांना त्यांची भाषा येत नव्हती. पण डबल बेल त्यांना कळली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी झेंडूची जागा सोडली, पुढे उजव्या कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, तीत बसले आणि हवेत स्टिअरिंग फिरवायला लागले.

"अहो, झेंडू! जागेवर!" कमलाबाई ओरडल्या.

पण आता टोमॅटोंनाही गंमत वाटली. ते दोघं-दोघं करून ड्रायव्हरमागे बसले. मधे येण्याजाण्याची वाट सोडली. मिसेस लिम खिडकीशी बसल्या आणि बाहेर बघून हात हलवायला लागल्या. मका मात्र उभाच राहिला. त्याला वाटलं, आपण स्टँडिंग.

"सरका पुढे, पुढे जागा आहे," जगदीशराव फोनमधून सांगत होते. "मका, दांडा धरा! टिंग!"

टिंग एकदाच वाजलं, तशी टॅन अंकलनी ब्रेक दाबला आणि सगळी मंडळी पुढे झुकली. प्रीतम वांग्याच्या जागी एकटाच उभा होता. त्याची बस चुकली होती. एकता इतकी हसली की विहीर हलली आणि फोन खाली पडला. कॉल कटला.

कमलाबाईंनी परत लावला, तर जगदीशराव प्रसन्न. "आता फोन करू नकोस. सगळं डोक्यात बसलंय. मी लावायला घेतो."

"उन्हात नको! दुपार कलल्यावर लावा! आणि ऐका, शेवटी जे झालं ते धरू नका, आधीचं धरा!"

पण त्यांनी फोन ठेवून दिला होता. मग पंधरा दिवस "झालं का?" विचारलं की "एकदम फर्स्ट क्लास," एवढंच उत्तर यायचं. व्हिडिओ कॉल घेईनात. सरप्राइज आहे, म्हणत.

इकडे खाली दुसऱ्या शनिवारी तीस जण जमले. तिसऱ्या शनिवारी शेजारच्या ब्लॉकमधून माणसं आली. एकताचा पाय बरा होत आला, तशी तिची विहिरीतून बढती होऊन ती कारली झाली. कमलाबाई निघायच्या दिवशी मिसेस लिमनी त्यांना दोन संत्री दिली आणि अंगठे दाबून दाखवले.

फेब्रुवारीच्या मध्यावर कमलाबाई गावी पोचल्या. पिशवी ओसरीवर टाकून, चहासुद्धा न घेता, त्या थेट रानात गेल्या. जगदीशराव मागून येत होते, जरा अंतर ठेवून.

टोमॅटोची रोपं लावून झाली होती. दोन ओळी इकडे, दोन तिकडे, मधे रुंद रिकामी वाट. प्रत्येक रोपापाशी खडूनं आकडा टाकलेला एक चपटा दगड. एक ते चाळीस, मग पुढच्या वाफ्यात परत एक ते चाळीस. झेंडूची ओळ कुठंच नव्हती. प्रत्येक वाफ्याच्या पुढे, उजव्या कोपऱ्यात, एकेक झेंडू, ऐटीत. मिरच्या सगळ्या कडेला. मका चार फुटांवर एकेक, विखुरलेला. वांगी पार लांब, एकटी. काकडी मात्र विहिरीजवळच होती आणि गवार टोकाला होती. ते त्यांना वहीत सापडलं होतं.

"कमल, दोन रोपं जळाली," जगदीशराव हळूच म्हणाले. "अकरा आणि बारा नंबर. तिथं दुसरी बसवली."

कमलाबाई एका वाफ्याच्या मधल्या वाटेनं चालत गेल्या. सवयीनं साडी वर खोचली होती, पण पायाला एकही रोप लागलं नाही. या रानात त्या चाळीस वर्षं क्रेट डोक्यावर घेऊन, तिरक्या होऊन, फांद्या वाचवत चालल्या होत्या. आता त्या सरळ चालत होत्या. टोकाला जाऊन त्यांनी हात दोन्हीकडे पसरून बघितले. दोन्ही हात दोन्हीकडच्या टोमॅटोंच्या ओळींवर पोचत होते.

"वाट कुणी सांगितली ठेवायला?"

"प्रवाशांना उतरता आलं पाहिजे ना," जगदीशराव म्हणाले.

कमलाबाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते मक्याकडे तोंड करून हसून घेतलं. मग वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झेंडूची रोपं उरली असतील ती आणा. एक ओळ मधे घालते. आणि भेंडीचा दुसरा हप्ता आजच टोकायचाय, ऊन उतरलं की. बी कुठं ठेवलंय?"

"गोठ्यात."

"अंगठ्यानं दाबायचं, हं. टाचेनं नाही."

"बसा, दाबा, उठा," जगदीशराव म्हणाले आणि बी आणायला पळाले.